फासळी मोडली? आधी श्वास मोजा

मे महिना उतरणीला लागला की चामोर्शी तालुक्यातल्या गावागावांत माणसं घरावर चढलेली दिसतात. मृगाच्या आधी कवेलू फेरून घ्यायचे असतात. फुटलेले काढायचे, सरकलेले बसवायचे, माकडांनी उधळलेले पुन्हा रचायचे. एखादा वासा आतून वाळवीनं पोखरलेला असतो. तो कडकन मोडतो आणि वरचा माणूस कुशीवर अंगणात आदळतो. दोन मिनिटं त्याचा श्वासच अडकतो. मग तो उठून बसतो, पाणी मागतो, छाती धरून कण्हतो. कुणीतरी दुपट्टा आणतं, छातीभोवती करकचून गुंडाळतं, खाटेवर निजवतं. शेजारी धीर देतात, "फासळीच तर मोडली, होईल बरी."

होईल बरी, यात खोटं काही नाही. बरगडी, म्हणजे आपली फासळी, साधी मोडलेली असेल तर सहाएक आठवड्यांत आपली आपण सांधते. तिला प्लास्टर लागत नाही आणि ऑपरेशनची वेळ क्वचितच येते. पण माणूस दगावतो तो मोडलेल्या हाडामुळे नव्हे. फासळीच्या मागे फुप्फुस आहे, काळीज आहे, पाणथरी आहे, मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. त्यांना काय झालं हे बाहेरून दिसत नाही. शिवाय फासळी दुखते म्हणून माणूस श्वास चोरतो, खोकला दाबतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते श्वासावर. फासळी तिचं काम करील.

श्वास मोजायला काही लागत नाही. जखमी माणसाला सांगू नका, नाहीतर तो मुद्दाम वेगळा श्वास घेतो. नाडी पाहतोय असं भासवून त्याच्या पोटावर हात ठेवा आणि मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्ध्या मिनिटाचं दुप्पट करू नका. मोठ्या माणसाचा स्वस्थ बसलेला श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. २४ च्या वर गेला तर दवाखान्यात न्यायचं. ३० च्या वर म्हणजे गाडी येईपर्यंतचा वेळही मोलाचा. आकडा आणि वेळ एका कागदावर लिहा. अर्ध्या तासानं पुन्हा मोजा, पुन्हा लिहा. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर गावोगावी पोचलं, आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात ते असेल तर तेही लावा. आकडा ९४ च्या खाली असेल तर घरी ठेवू नका. ९० च्या खाली असेल तर ती आणीबाणी समजा. पण आकडा ९७ आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. पोटात रक्तस्राव होत असताना सुरुवातीला ऑक्सिजन छान दिसू शकतो.

आपल्या भागात छातीला मार लागण्याची कारणं शहरापेक्षा वेगळी आहेत. टोळ पाडायला मोहाच्या झाडावर चढलेला माणूस पडतो. चिंचेवरून, जांभळीवरून पोरं पडतात. धानाच्या पुंजण्यावरून पाय सटकतो, बैलबंडी उलटते, चिखलणीत ट्रॅक्टर उलटतो. गोठ्यात बैल शिंग मारतो. रोवणीच्या दिवसांत ओल्या धुऱ्यावरून घसरून माणूस नेमका दगडावर पडतो. आणि रस्ता तर आहेच. गडचिरोली-चामोर्शी-आष्टी रस्त्यावर रात्री बसलेली जनावरं आणि दिवे नसलेल्या ट्रॉल्या दुचाकीच्या उजेडात अगदी शेवटच्या क्षणी दिसतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर नाटक पाहून पहाटेच्या धुक्यात, डोळ्यांवर झोप घेऊन एका गाडीवर तिघं घरी निघतात. तेव्हा जो आपटतो त्याची छाती बहुधा गाडीच्या हँडलवर येते.

पहिल्या काही मिनिटांत काय करायचं ते आता सांगतो. झाडावरून, छतावरून किंवा गाडीवरून पडलेल्या माणसाला आधी उठवून बसवू नका. छातीबरोबर मणकाही दुखावलेला असू शकतो. हातपाय हलवता येतात का, मुंग्या येतात का, मानेत किंवा पाठीच्या मधोमध दुखतं का, ते विचारा. यातलं काहीही असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून उचला. आपल्याकडे दुर्गम पाड्यांतून माणसाला खाटेवर घालून आणतात. शहरातल्या लोकांना त्याची कीव येते, पण अशा वेळी खाट हा चांगलाच स्ट्रेचर आहे. तिच्यावर फळी टाकली तर आणखी चांगला. सगळ्यात वाईट म्हणजे जखमीला दुचाकीवर दोघांच्या मधे कोंबून नेणं. मणक्याची शंका नसेल आणि दम लागत असेल, तर त्याला पाठीशी गोधड्या लावून अर्धवट बसतं करा. ज्या बाजूला मार आहे त्या बाजूला कललेलं बरं वाटत असेल तर कलू द्या. खायला-प्यायला देऊ नका, कारण ऑपरेशनची गरज लागू शकते. फार तर ओठ ओले करा.

छातीवर उघडी जखम असेल आणि श्वासाबरोबर तिथून हवेचा आवाज येत असेल, तर ती प्लॅस्टिकनं किंवा चिकटपट्टीनं घट्ट बंद करू नका. आत जाणारी हवा बाहेर पडायला वाट राहिली नाही तर ती फुप्फुस आणि हृदय दोन्ही दाबते. जखम उघडी राहू द्या. रक्त फार वाहत असेल तर स्वच्छ कपडा धरा, पण तो रक्तानं भिजून चिकटला तर बदला. शिंग, फांदी, लोखंड, जे काही रुतलं असेल ते उपसू नका. हलणार नाही अशा बेतानं त्याच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावा आणि तसंच न्या.

१०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिचे पैसे लागत नाहीत. फोनवर फक्त "ॲक्सिडेंट झाला" म्हणू नका. "छातीला मार आहे, श्वास मिनिटाला इतका आहे" असं सांगा. तुमच्या कागदावरचा आकडा इथे पहिल्यांदा कामी येतो. आणि पावसाळ्यात "उद्या सकाळी पाहू" हा विचार करूच नका. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते, नाले तुंबतात, आणि आज तासाभराचा असलेला रस्ता उद्या बंद असू शकतो.

मार छातीवर नेमका कुठे लागला, यावरून आत काय बिघडलं असेल याचा अंदाज येतो. फासळ्यांच्या १२ जोड्या असतात. वरच्या सात थेट छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेनं जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्यांच्या आधारानं, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. सगळ्यात जास्त मोडतात त्या मधल्या, चौथ्यापासून नवव्या-दहाव्यापर्यंतच्या, आणि त्यांच्या टोकांनी फुप्फुस टोचलं जाण्याची भीती असते. पहिल्या दोन फासळ्या आखूड, रुंद आणि हासळीच्या हाडाआड दडलेल्या असतात. त्या मोडल्या याचा अर्थच असा की मार भयंकर होता. अशा माणसाची मान, डोकं, हाताच्या नसा आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या तपासायलाच हव्यात, तो बोलत-चालत असला तरी. छातीच्या मधल्या हाडावर स्टेअरिंग किंवा हँडल आदळलं असेल तर ईसीजी काढायला सांगा. खालच्या फासळ्या उजवीकडे काळजावर, म्हणजे यकृतावर असतात, मागच्या बाजूला मूत्रपिंडांवर, आणि डावीकडे पाणथरीवर.

या पाणथरीबद्दल मला थांबून बोलायचं आहे, कारण गडचिरोलीत तिचा धोका इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे.

पाणथरी म्हणजे प्लीहा. निरोगी माणसात ती डाव्या नवव्या ते अकराव्या फासळीच्या आड, मुठीएवढी, सुरक्षित बसलेली असते. राज्यातला हिवतापाचा सगळ्यात मोठा भार आपल्या जिल्ह्यावर आहे. हिवतापात पाणथरी सुजते, मऊ होते आणि फासळ्यांच्या खाली उतरते. म्हणजे चिलखताच्या बाहेर येते. अशी पाणथरी छोट्याशा धक्क्यानंही फाटते, आणि कधी कधी तर काही मार न लागताही. दुसरं कारण सिकलसेल. पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेलं असतं की सिकलसेलच्या रुग्णात पाणथरी लहानपणीच आक्रसून जाते. मध्य भारतातल्या बऱ्याच रुग्णांत तसं होत नाही, ती मोठेपणीही वाढलेलीच राहते. म्हणून डाव्या खालच्या बाजूला मार लागलेल्या माणसाला गेल्या महिन्या-दोन महिन्यांत ताप-थंडी झाली होती का, हिवतापाच्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला सिकलसेल आहे का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता तुम्हीच सांगा. सिकलसेलचं कार्ड असेल तर बरोबर न्या.

पाणथरी फाटली तरी माणूस तासन्‌तास बरा दिसू शकतो. तरुण शरीर बरंच रक्त जाईपर्यंत रक्तदाब सांभाळून धरतं. आधी वाढते ती नाडी. स्वस्थ पडलेला असताना ती मिनिटाला १०० च्या वर राहिली, हातपाय गार पडले, घाम आला, उभं राहिल्यावर अंधारी आली, पोट दुखू लागलं किंवा फुगलं, तर आत रक्त साचत असल्याचं धरून चाला. एक खूण तर अशी आहे की तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. डाव्या खांद्याच्या टोकाला दुखतं, पण खांद्याला काहीच लागलेलं नसतं. पोटात साचलेलं रक्त छाती आणि पोट यांच्यातल्या पडद्याला झोंबतं, आणि त्या पडद्याच्या व खांद्याच्या संवेदना मणक्यात एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून कळ खांद्यात जाणवते. घरचे खांद्याला मलम चोळत बसतात. डावा खांदा दुखला की मलम बाजूला ठेवा आणि गाडी बोलवा.

पाणथरीभोवतीच्या आवरणाखाली थोडं थोडं रक्त साचून ते काही दिवसांनी फुटतं, असंही होतं. म्हणून पहिली सोनोग्राफी नीट निघाली तरी पुढचे दोन आठवडे सावध राहायचं, आणि पोटात दुखलं तर पुन्हा सोनोग्राफी करून घ्यायची. पाणथरी काढावी लागली तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागतात. त्या माणसानं पुढे आयुष्यभर ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि पाणथरी काढल्याची चिठ्ठी पाकिटात ठेवायची. हिवतापाच्या मुलखात तर हे फार जपायला हवं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी पडलेला माणूस प्यायलेला असू शकतो. प्यायलेल्या माणसाला वेदना धड कळत नाही आणि सांगताही येत नाही. "काही नाही झालं मला" हे त्याचं म्हणणं मानू नका. भीतीपोटी डॉक्टरांपासून लपवूही नका. नशा उतरल्यावर त्याला पुन्हा नीट तपासून घ्यायला हवं.

आता दवाखान्याकडे वळू. चामोर्शीला आणि आष्टीला ग्रामीण रुग्णालय आहे. गडचिरोलीचं जिल्हा सामान्य रुग्णालय चामोर्शीहून तीसेक किलोमीटरवर. मोठ्या ऑपरेशनसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावं लागू शकतं. दवाखान्यात पोचल्यावर पहिला एक्स-रे निघतो आणि घरचे विचारतात, "फासळी मोडली का जी?" प्रश्न थोडा बदला. फुप्फुस पूर्ण फुगलेलं आहे का, छातीत हवा किंवा रक्त आहे का, असं विचारा. मोडलेल्या फासळ्यांपैकी बऱ्याच, काही वेळा निम्म्यासुद्धा, साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, आणि कूर्चेची मोड तर दिसतच नाही. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" याचा अर्थ "फासळी शाबूत आहे" असा होत नाही. दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर फासळी मोडली असं धरूनच काळजी घ्यायची. उलट एक्स-रेत फासळी मोडलेली दिसली नाही म्हणून रुग्णावर अन्याय झाला असंही मानू नका. उपचार दोन्हीकडे तेच आहेत. फुप्फुसाला मुका मार लागला असेल तर तो पहिल्या तासात दिसत नाही. पुढच्या एक-दोन दिवसांत तो वाढतो. म्हणून डॉक्टर "एक रात्र ठेवा, उद्या परत एक्स-रे काढू" म्हणाले तर घाईनं सुट्टी मागू नका. धान आज नाही तर उद्या कापता येईल.

मोडलेल्या फासळीचं टोक फुप्फुसाला टोचलं की त्यातली हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि फुप्फुस आकसतं. कातडीखाली हवा पसरली तर तिथे बोटांनी दाबल्यावर कोरड्या पानांसारखी चुरचूर लागते. ही खूण घरीही कळते. हवा आत साठतच गेली तर दम झपाट्यानं वाढतो, ओठ निळे पडतात, मानेच्या शिरा फुगतात, आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. रक्त साचलं तरी फुप्फुस दबतंच. सलग तीन किंवा अधिक फासळ्या प्रत्येकी दोन-दोन ठिकाणी मोडल्या तर छातीचा तो तुकडाच सुटा होतो. बाकीची छाती श्वास घेताना वर येते तेव्हा तो आत जातो. शर्ट काढून, उजेडात, पायांच्या बाजूनं छातीकडे पाहिलं तर हे ओळखता येतं. असं दिसलं तर तालुक्याच्या ठिकाणी फार वेळ न घालवता पुढे हलवण्याची तयारी करा.

छातीत हवा किंवा रक्त असेल तर काखेखाली एक छोटा छेद घेऊन नळी घालतात. नळी म्हटलं की नातेवाइकांचा धीर सुटतो. पण छातीला मार लागलेल्या दहापैकी आठ-साडेआठ माणसांना एवढ्यावर किंवा याहूनही कमी उपचारावर भागतं, छाती उघडावी लागत नाही. नळीचं दुसरं टोक पाणी भरलेल्या बाटलीत बुडालेलं असतं. हवा बाहेर येते ती पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपानं, पण पाण्यामुळे उलटी आत जाऊ शकत नाही. जर्मनीत हॅम्बर्गच्या गोटहार्ड ब्यूलाऊ या डॉक्टरनं १८९१ साली ही पद्धत लिहून मांडली. सव्वाशे वर्षं उलटली तरी तीच बाटली आजही पलंगाखाली असते. तिच्याकडे नीट पाहायला शिका. श्वासाबरोबर नळीतलं पाणी खालीवर होतं, म्हणजे नळी मोकळी आहे. गाडीत रुग्णाला गडचिरोलीहून नागपूरला नेताना ही बाटली बहुधा नातेवाइकाच्या हातात येते, आणि तो ती जपून मांडीवर घेऊन बसतो. तसं करू नका. बाटली कायम छातीच्या खाली, पायाशी हवी. वर गेली तर त्यातलं पाणी छातीत उतरेल. नळीला गाठ मारू नका, चिमटा लावू नका, ती अंगाखाली दबू देऊ नका. बाटली कलंडली तर लगेच उभी करा आणि गाडीतल्या डॉक्टरांना सांगा. नळीतून ताजं रक्त भराभरा येऊ लागलं तर तेही ताबडतोब सांगायचं.

सुट्टी मिळते आणि खरी कसोटी घरी सुरू होते. "काहीच नाही केलं जी डॉक्टरनं, साधा पट्टाबी नाही बांधला," ही तक्रार प्रत्येक वेळी ऐकू येते. पट्टा न बांधणं हाच उपचार आहे. हात मोडला तर कामट्या बांधतात, कारण हात हलवायचा नसतो. छाती हलवायचीच असते. पूर्वी डॉक्टरसुद्धा छातीवर चिकटपट्ट्या ओढून लावत. तसं केलेल्यांना न्यूमोनिया होतो हे लक्षात आल्यावर वैद्यकानं ते सोडून दिलं. दुपट्टा, क्रेप बँडेज, कमरेचा बेल्ट, काहीही छातीभोवती आवळायचं नाही. हाडवैद्याकडे नेऊन चोळून घ्यायचं नाही. त्याच्या हाताला यश असेल, पण फासळीवर दाब देऊन बसवायला गेलं तर तिचं टोक फुप्फुसात जाऊ शकतं.

मग वेदनेचं काय? ती सहन करायची नाही. गोळी "फार दुखलं तर" अशी घेऊ नका, घड्याळावर घ्या. साधारण वजनाच्या मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, पहिले काही दिवस नेमानं. वजन फार कमी असेल, काळजाचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल, तर मात्रा डॉक्टरांना विचारून. दुकानातल्या अंगदुखीच्या, सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्या सोबत घेऊन दुप्पट करू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी आराम पडतो. पण म्हातारी माणसं, मूत्रपिंडाचे किंवा अल्सरचे रुग्ण, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आणि ज्यांना आत रक्तस्राव झाल्याची शंका आहे, त्यांनी त्या मनानं घेऊ नयेत. एवढ्यानं भागलं नाही तर दवाखान्यात फासळीजवळची नस बधिर करण्याचं इंजेक्शन देता येतं, मोठ्या रुग्णालयात पाठीतून बारीक नळीही घालतात. ते मागायला संकोच करू नका. जोराच्या वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, आणि कुंथताना फासळी जीव काढते. पाणी, पालेभाजी, पपई वाढवा.

गोळी घेऊन पाऊण तास झाला की श्वासाचा व्यायाम. ताठ बसायचं, नाकानं हळूहळू जेवढा भरता येईल तेवढा श्वास भरायचा, तीन मोजेपर्यंत धरायचा, हलकेच सोडायचा. असे दहा. जागेपणी दर तासाला. शेवटी दोन वेळा खोकायचं. खोकताना उशी किंवा घडी केलेली गोधडी दुखऱ्या जागेवर दोन्ही हातांनी धरायची, फक्त खोकण्यापुरती. पहिल्यांदा ते करताना माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याच्यासमोर बसा, त्याच्याबरोबर मोजा. दवाखान्यातून श्वासाच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं यंत्र मिळालं असेल तर लक्षात ठेवा, ते फुंकायचं नसतं, तोंडानं हवा आत ओढायची असते. अंथरुणाला खिळवू नका, पहिल्या दिवसापासून अंगणात चालवा. रात्री पाठीशी उशा लावून अर्धवट बसतं झोपवा. बिडी त्या दिवशीच बंद. खर्राही बंद, कारण तंबाखूनं हाड सांधायला उशीर लागतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप, पिवळा-हिरवा किंवा रक्ताळलेला कफ, वाढता दम, लाल लघवी, पोटदुखी, किंवा कमी होत आलेली वेदना अचानक वाढणं, यातलं एकही दिसलं तर परत दवाखाना. श्वासाचा तो कागद पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ भरत राहा. सिकलसेलचा रुग्ण असेल तर एवढीही वाट पाहू नका. दुखण्यामुळे श्वास उथळ झाला की त्याच्या फुप्फुसात सिकलसेलचा झटका येऊ शकतो. त्याला सुरुवातीलाच भरती करा.

म्हाताऱ्या माणसांचं गणित वेगळं आहे. अमेरिकेत सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००० साली पासष्टीपुढच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोडलेल्या प्रत्येक जादा फासळीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढत गेलेला त्यांना दिसला. घरातली आजी न्हाणीत घसरली आणि दोन फासळ्या गेल्या, तर तिची तब्येत ठीक वाटली तरी तिला भरती करून घ्यायचा आग्रह धरा. ती कण्हत नाही म्हणून दुखत नाही असं नसतं. लहान मुलांचं उलटं. त्यांच्या फासळ्या लवचीक असतात, वाकतात पण मोडत नाहीत, आणि आतलं फुप्फुस मात्र ठेचलं जातं. झाडावरून पडलेल्या पोराचा एक्स-रे चांगला आला तरी त्याचा श्वास मोजत राहा. आणि मुलाची फासळी मोडलीच असेल तर मार फार मोठा होता हे ओळखा.

कधी माणूस न पडता, नुसत्या खोकल्यानं फासळी मोडते. खोकताना कुशीत कट्ट आवाज होतो आणि तिथून पुढे श्वास घेववत नाही. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांत हे जास्त. अशा वेळी खोकल्याचं मूळ शोधायला हवं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडक्याची क्षयासाठी तपासणी करा, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या हंगामात पहाटे जंगलात अस्वल, रानडुक्कर समोर येतं. त्यांच्या हल्ल्यात छाती ठेचते आणि फाटतेही. अशा जखमा भरपूर पाण्यानं आणि साबणानं धुवा, पण छातीत आरपार गेलेल्या जखमेत पाणी ओतू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि चाव्यासाठी रेबीजची लस, दोन्ही लागतात. वनरक्षकाला लगेच कळवा आणि पंचनामा करून घ्या. शासनाची भरपाई त्याच कागदांवर मिळते.

कागदांचं म्हणाल तर रस्त्यावरच्या अपघाताची दवाखान्यात पोलीस नोंद झाली आहे ना, ते पाहा. एक्स-रे, सोनोग्राफीचा अहवाल, सुट्टीचा कागद एका पिशवीत ठेवा. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरता मिळतो. झाडावरून किंवा छतावरून पडलेल्यांना ती लागू नाही, त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर रेशनकार्ड आणि आधार दाखवून चौकशी करावी. आणि रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाला दवाखान्यात पोचवणाऱ्यानं घाबरू नये. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं त्याला संरक्षण दिलं आहे, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

कामावर परतण्याची घाई पावसाळ्यात फार होते, कारण रोवणी कुणासाठी थांबत नाही. दोन-तीन आठवड्यांनी हलकं काम सुरू करता येतं. पण वाकून रोवणी, चिखलणी, धानाची पोती उचलणं, कुऱ्हाड चालवणं, हे सहा आठवड्यांच्या आत नको. दुचाकी तेव्हाच, जेव्हा मान-खांदा वळवून मागे पाहताना आणि कचकन ब्रेक दाबताना कळ येत नाही. थोडं दुखणं दोन-तीन महिने रेंगाळतं, त्याला घाबरू नका. कवेलूंवर मात्र त्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी चढू द्या. पुढच्या मे महिन्यात स्वतः चढलात तर आधी वासे काठीनं ठोकून पाहा, दोन वाशांवर आडवी फळी टाकूनच पाय ठेवा, आणि शिडीच्या पायाशी एक माणूस उभा ठेवा, ज्याच्या मोबाइलमध्ये पैसे आणि चार्जिंग दोन्ही आहे.